उन्हातली कळशी

माझे थोरले दीर आणि मी एका घरात पंधरा वर्षं राहिलो आणि त्या पंधरा वर्षांत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. भांडण होतं म्हणून नाही. भांडायला निदान बोलावं लागतं. धाकट्या सुनेनं थोरल्या दिरांशी बोलायचं नाही, अशी आमच्या घरची रीत होती. ते समोरून आले की पदर पुढे ओढायचा, भिंतीला लागून उभं राहायचं आणि ते गेले की पुन्हा हातातलं काम सुरू करायचं. काही सांगायचंच असलं तर मोठ्या जाऊबाईंना सांगायचं. पण त्या तरी सासूसमोर, भरदिवसा, नवऱ्याशी कशा बोलणार? त्या सासूबाईंना सांगत आणि सासूबाई लेकाला. घरातलं मीठ संपलं, हे ओटीवर कळायला तीन तोंडं लागत. उत्तर यायचं तेही त्याच वाटेनं, तीन तोंडांतून उष्टं होऊन.

मी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची. वसईच्या किनारपट्टीला आमची बाग होती. केळी, नारळ, कडेला थोडी भाजी. नवरा मुंबईला नोकरीत, शनिवारी संध्याकाळी यायचा आणि सोमवारी जायचा. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस माझ्याशी बोलणारं घरात कुणी नव्हतं, कामं सांगणारी मात्र पुष्कळ होती.

त्यात स्वातंत्र्य मिळालं आणि साहेबलोक चंबूगबाळं आवरून बोटीत बसू लागले. वांद्र्याला एका साहेबाच्या बंगल्यावर आमच्या बागेतली केळी जात. त्या साहेबानं निघताना आपला कुत्रा थोरल्या दिरांच्या गळ्यात मारला. पांढरा-तांबूस, जमिनीला लागतील एवढे केस, नाक बसकं, डोळे माणसाचे. भुईगावापासून लोक बघायला आले. थोरले दीर ओटीवर बसून त्याच्या केसांवरून हात फिरवत आणि साहेब आपल्याला कसा मानायचा ते सांगत. नव्याची नवलाई नऊ दिवस. कुत्रा चोरावर भुंकत नाही, मुंगसामागे धावत नाही, पाव दिला तरच मनापासून खातो, हे लक्षात आल्यावर तो खायला काळ आणि भुईला भार झाला. त्याची साखळी दिरांनी काढून विहिरीच्या पोहऱ्याला लावली. कुत्रा माझ्याकडे आला.

कुणी दिला नाही, तोच आला. मी भांडी घासायला बसले की पाठीला पाठ लावून बसायचा. मी त्याच्याशी बोलायचे. माहेरचं, आईचं, जाऊबाईंनी माझ्या लुगड्याला काय नावं ठेवली ते, सगळं. त्याला आमची बोली कळत नव्हती आणि मला त्याची इंग्रजी. तरी त्या घरात माझं पूर्ण वाक्य ऐकून घेणारा तो एकटाच होता. म्हणून पुढचं जे सांगते आहे ते ऐकून कुणाला कुत्र्यासाठी एवढं काय असं वाटलं, तर त्यानं इथेच थांबावं. मला त्याच्याशीही बोलायचं नाही.

पहिल्याच फाल्गुनात कळलं की हा प्राणी आमच्या हवेचा नाही. ऊन चढलं की त्याला धाप लागायची. तोंड उघडं, जीभ बाहेर, बरगड्या भात्यासारख्या वरखाली. आमच्याकडे मिठागराकडच्या गावातून एक बाई कामाला यायची. वयानं आईएवढी, तोंडानं फटकळ. मी कळशी उचलून त्याच्या पाठीवर ओतते आहे हे बघून तिनं कळशी काढून घेतली.

"पाठीवर नको मारूस पानी, बाय. त्या केसांतनं आत जात नाय. पोटाला लाव, पायांना लाव. आनि थोडं थोडं पाज."

ती सांगे तसं मी करू लागले. दुपारी त्याला न्हाणीतल्या ओल्या फरशीवर नाहीतर केळीच्या पाटातल्या चिखलात नेऊन बसवायची. पोटावर हात ठेवून श्वास मोजायची. निवांत असला की माझ्या एका श्वासाला त्याचे दोन. तापला की मोजताच यायचे नाहीत. जीभ गुलाबी होती तोवर काळजी नव्हती. लाल झाली आणि लाळ चिकट होऊन लोंबायला लागली की मी हातातलं काम टाकून धावायची. कात्रीनं त्याचे केस कापावेत का, असंही मी तीन तोंडांतून विचारून पाहिलं. उत्तर आलं की साहेबाच्या कुत्र्याला कुणी हात लावायचा नाही. स्वतः हात लावत नव्हते, पण केस त्यांचे होते.

आता सुकेळी सांगायला हवीत. राजेळी केळी पूर्ण पिकली की सोलून बांबूच्या तट्ट्यांवर ओळीनं मांडतात आणि पाच-सात दिवस कडक ऊन देतात. आमच्या आवारात त्यासाठी कमरेएवढ्या उंचीचा मांडव होता. केळी सुकून मधाच्या रंगाची झाली की त्यांच्या वासानं कावळे येतात, खारी येतात, माश्या तर येतातच. राखायला कुणीतरी बसावं लागतं. त्या वैशाखात थोरल्या दिरांच्या मनात आलं की फुकट खाणाऱ्यानं कावळे तरी हाकलावेत. सकाळी त्यांनी स्वतः कुत्र्याला मांडवाच्या खांबाला बांधलं. तेव्हा तिथं आंब्याची सावली होती, हे खरं आहे. दहा वाजता ती तिथून जाते, हे त्या घरात जन्म काढलेल्या माणसाला माहीत नव्हतं असं मी मानत नाही.

बांधलं कशानं, तर सोपटानं. केळीच्या खोडाची सुकवलेली साल, ती आम्ही ओली करून कशालाही बांधतो, भाजीच्या जुडीला, फुलांच्या पुडीला. दोन पट्ट्यांना पीळ देऊन त्यांनी ती त्याच्या गळ्यात अडकवली. एक हिसडा दिला असता तर तुटली असती. पण त्याला साहेबाच्या घरची शिस्त होती. बांधलं की बसायचं, ओढायचं नाही. माझ्या माहेरची शिस्तही तीच होती.

त्या दिवशी घरात पाहुणे होते. मी सकाळपासून चुलीपाशी. साडेअकराच्या सुमाराला मागच्या दारी राख टाकायला आले आणि बघते तर तो भर उन्हात. बसलेला नव्हता, चारी पाय फाकवून उभा होता आणि नुसता हलत होता श्वासानं. जीभ लाल नव्हती, जांभळट झाली होती. मी तांब्या घेऊन धावले. पाणी पुढे धरलं तर त्याला पिता येईना, धापेपुढे घोट घ्यायला उसंतच नव्हती. पोटाला पाणी लावलं, पंजांना लावलं. मांडवावरच्या केळ्यांवर दोन कावळे बसून खात होते. त्यांच्याकडे तो बघतही नव्हता.

सोपटाची गाठ माझ्या हाताशी होती. मी ती सोडली नाही. थोरल्या दिरांनी बांधलेलं सुनेनं सोडायचं कसं, हे माझ्या डोक्यात एवढं घट्ट बसलं होतं की गाठीला हात लागला तरी बोटं चालली नाहीत. मी आत पळाले आणि जाऊबाईंना सांगितलं, "तो मरतोय. त्याला सोडायला सांगा, आत्ताच्या आत्ता."

जाऊबाई पुऱ्या लाटत होत्या. त्यांनी हात पुसले, सासूबाईंच्या कानाशी लागल्या. सासूबाई ताटं मांडत होत्या. त्यांनी पाचवं ताट मांडलं, सहावं मांडलं, मग ओटीच्या दारात गेल्या. मी चुलीपाशी उभी राहून बाहेरचा कानोसा घेत होते. आधी सासूबाईंचा पुटपुटता आवाज आला. मग थोरले दीर मोठ्यानं काहीतरी बोलले आणि सगळे पाहुणे हसले. खो खो हसले. एकाला ठसका लागला.

उत्तर आलं त्याच वाटेनं. सासूबाई जाऊबाईंना म्हणाल्या, जाऊबाई मला. त्या चाचरत होत्या.

"म्हणतात, घाम आलाय का त्याला? ज्याला घाम नाही त्याला कसलं ऊन? घाम आला की सोडू, म्हणतात."

ते हे आमच्या घरच्या बोलीत म्हणाले होते. ती बोली गोड आहे, त्यांच्या तोंडी घालून मला ती इथे विटाळायची नाही.

मला पुन्हा बाहेर जायचं होतं, पण पानं वाढायची होती. भात, वरण, पुऱ्या, आमसुलाचं सार. मी एकेक पान वाढत पुढे सरकत होते. थोरल्या दिरांच्या पानात सार वाढताना माझं लक्ष मागच्या दाराकडे होतं आणि चार थेंब ताटाबाहेर सांडले. त्यांनी भुवया वर केल्या. त्या भुवया मला आजही दिसतात.

पंगत उठल्यावर मी मागच्या दारी गेले. तो आडवा पडला होता आणि धाप थांबली होती. श्वास होता, पण सावकाश, लांब लांब. मला वेडीला वाटलं, पाण्याचा गुण आला. मी मिठागराकडच्या बाईला हाक मारून म्हटलं, बघ, शांत झाला. तिनं येऊन त्याचा ओठ वर करून हिरडी पाहिली.

"शांत नाय झाला, बाय. संपला."

त्यानंतर तो चार-पाच श्वास होता. तिनंच विळीनं सोपट कापलं. आम्ही दोघींनी त्याला पाटाकडेच्या केळीखाली पुरलं, तिथली जमीन ओली असते म्हणून. संध्याकाळी ओटीवरून तीन तोंडांतून विचारणा आली की कावळ्यांनी किती केळी खराब केली.

मी डूख धरला. हा शब्द सापासाठी वापरतात आणि मला त्याची लाज वाटत नाही. सतरा वर्षांच्या मुक्या सुनेच्या हातात कसली हत्यारं असणार? पण घरात ज्याच्या हाती पाणी असतं त्याला वाटतं तेवढं दुबळं समजू नये. थोरल्या दिरांचा दुपारचा तांब्या भरायचं काम माझं होतं. माजघरात मोठा माठ होता, त्यातलं पाणी वैशाखातही दातांना लागायचं. मी मागच्या दारी एक तांब्याची कळशी सकाळीच उन्हात ठेवू लागले आणि त्यांचा तांब्या तिच्यातून भरू लागले. त्यांच्या एकट्याचा. ओटीवरून निरोप आला, पाणी कोमट का? मी उत्तर पाठवलं, माठ नवा आहे, मुरायचाय. पुढच्या वर्षी उत्तर पाठवलं, माठ जुना झालाय, झिरपत नाही. सासूबाईंना ते पटलं; त्यांच्या स्वतःच्या तांब्यातलं पाणी गार लागे ते म्हातारपणी दात कमजोर झाल्यानं, असं त्या समजत. दहा उन्हाळे तो माणूस माझ्या हातचं तापलेलं पाणी प्यायला. भाकरीचा करपलेला पदर त्यांच्याकडे, भाताची खरवड त्यांच्याकडे. झोपाळ्यावरची त्यांची उशी मी रोज उन्हात घालायची आणि दुपारी ते आडवे व्हायच्या क्षणी आणून ठेवायची. धाकटी सून किती काळजी घेते, असं सासूबाई शेजारणींना सांगत. मी पदराआड हसायची.

हे सगळं क्षुद्र होतं, मला ठाऊक आहे. मोठा सूड घ्यायला मोठं बळ लागतं. माझ्याकडे कळशी होती.

मग सासूबाई गेल्या, आणि त्यानंतर वर्षाच्या आतच थोरल्या दिरांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. वैद्यांनी सांगितलं, सकाळचं कोवळं ऊन द्या. म्हणून रोज त्यांची खाट आवारात काढायची, मांडवाजवळ, आंब्याच्या सावलीच्या कडेला. ऊन तापायला लागलं की जाऊबाई आणि मी खाट ओढून पडवीत आणायचो. जाऊबाई एका टोकाला, मी दुसऱ्या, पदर पुढे ओढून, मान खाली घालून. रीत मी मोडली नव्हती.

तोही वैशाखच होता. जाऊबाई सोपाऱ्याला भाचीच्या घरी बारशाला गेल्या होत्या, अकरापर्यंत येते म्हणाल्या होत्या. मी मांडवाशी बसून राजेळी सोलत होते. दहा वाजता सावली सरकली. आधी त्यांच्या पायांवर ऊन आलं, मग पोटावर, मग तोंडावर. मी केळं सोललं, तट्ट्यावर ठेवलं, दुसरं घेतलं.

त्यांनी हाक मारली. बारा वर्षांत पहिल्यांदा थेट मला. शब्द फुटके होते, पण कळले. "धाकटे. खाट. सावलीत."

मी पदर पुढे ओढला आणि मान खाली घातली. सुनेनं थोरल्या दिरांशी बोलायचं नसतं. काही असेल तर जाऊबाईंना सांगावं, त्या सांगतील. त्यांनी पुन्हा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली. मग हाका थांबल्या आणि तोंड उघडं राहिलं. छाती वरखाली व्हायला लागली. मला मोजायची सवय होती. माझ्या एका श्वासाला दोन. थोड्या वेळानं तीन.

मारायचं होतं का मला? लोक असं विचारत नाहीत, पण मी स्वतःला विचारलं आहे. त्या वेळी, केळं हातात असताना, होय. मी उठून खाट ओढू शकत होते, पडवीच्या कोपऱ्यातली छत्री उघडून धरू शकत होते, तोंड ओलं करू शकत होते. मी सोललेल्या केळ्यांची ओळ सरळ केली. दोन कावळे येऊन बसले, त्यांना मात्र हाकललं.

जाऊबाई लवकर आल्या. फाटकातूनच त्यांनी खाट पाहिली आणि हातातली पिशवी टाकून धावत आल्या. "अगं, हे उन्हात कसे? तू इथं बसलीयस आणि..." मी उठून उभी राहिले. पदर सावरला. आवाज माझा मला ओळखू आला नाही, इतका शांत होता.

"त्यांना विचारा, घाम आलाय का."

जाऊबाई थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखलं की त्या काहीच विसरल्या नव्हत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मांडवाच्या खांबाकडे पाहिलं. त्या मला एक थप्पड मारतील असं वाटलं. पण त्या वळल्या, नवऱ्याच्या खाटेशी वाकल्या आणि निरोप जसाच्या तसा पोचवला. "धाकटी विचारते, घाम आलाय का."

त्यांच्या कपाळावरून धारा लागल्या होत्या, उशी भिजली होती. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि त्यांनाही आठवलं, हे मी शपथेवर सांगते. जड जिभेनं, एक एक अक्षर जुळवत ते म्हणाले, "आलाय."

आम्ही खाट पडवीत ओढली. पोटाला, पायांना ओलं फडकं लावलं. कसं करायचं ते मला चांगलंच माहीत होतं. तासाभरात श्वास ठिकाणावर आला. ते जगले, पुढे तीन वर्षं.

दुपारी चुलीपाशी मी पहिल्यांदा पोटभर जेवायला बसले होते. दहा वर्षांचं उट्टं निघालं होतं. जाऊबाई समोर बसल्या, पण त्यांनी घास घेतला नाही. ताट बाजूला सारून म्हणाल्या, "मी तेव्हा तुझा निरोप पुरता दिला नव्हता."

मी हातातला घास पानात ठेवला.

"तू म्हणालीस, तो मरतोय. पाहुणे जेवायला बसायचे होते, त्या वेळी मरणाचं नाव कशाला काढायचं म्हणून मी तेवढं गाळलं. सासूबाईंना म्हटलं, कुत्र्याला ऊन लागतंय, धाकटी सोडू का विचारते. एवढंच. मरतोय हे यांच्या कानावर गेलंच नाही."

ऐकलं असतं तर त्यांनी सोडलं असतं का? माझं मन सांगतं, नाही. तरीही हसले असते. पण ते माझं मन आहे, आणि त्याला दहा वर्षं एकच उत्तर हवं होतं. मी ताट तसंच ठेवून मागच्या दारी आले. मांडवाच्या खांबाला सोपटाचा एक तुकडा अडकून होता, या वर्षी तट्टे बांधताना उरलेला. मी दोन बोटांत धरून ओढला. तो तुटला. काहीच जोर लागला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी थोरल्या दिरांचा तांब्या माठातल्या गार पाण्यानं भरू लागले. उन्हातली कळशी मी आत घेतली नाही. तिच्यातलं पाणी रोज दुपारी दोन तांब्यांत ओतत होते, एक जाऊबाईंच्या आणि एक माझ्या.